पेटीवरची हळद

आई, परवा अण्णा नगरच्या शाळेत मत देऊन आले आणि हात धुताना तुझी आठवण झाली. आता नुसतं बटण दाबायचं असतं. तुझा जावई दारातच उभा, "कुणाला दिलंस?" म्हणून हसत विचारतोय. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने चष्मा शोधायला गेला.

अप्पांचा कशावरच विश्वास नव्हता. सचिवालयात कारकून, साहेबाच्या राज्यातही आणि आपल्या राज्यातही त्याच खुर्चीवर. नव्या सरकारकडे ते जुन्या भाडेकरूने नव्या घरमालकाकडे पाहावं तसे पाहत. राज्यघटनेची प्रत त्यांनी ऑफिसातून वाचायला आणली होती. तांबरमच्या घरी ओसरीवर बसून मोठ्याने वाचत आणि दर कलमाला म्हणत, "यात मेख आहे." सगळ्या सज्ञान माणसांना मत, इथे आल्यावर ते थांबले. "कलेक्टरला एक, आन हिलाही एक?" तू दोशाचं पीठ वाटत होतीस. तुझा हात थांबला. "खरंच लिहिलंय तसं?" एवढंच तू विचारलंस.

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चित्र, आणि सगळ्या पेट्या पडद्याआड. हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. अप्पांना खात्री की पडद्यामागे सरकारचा माणूस असणार, आणि घरातलं एक मत वरच्यांना नको तिथे गेलं तरी त्यांची नोकरी जाणार. "सांगतांव ते ऐक. तराजूची पेटी. दुसरीकडे बघायचं नाही. तेरिंजदा? कळलं ना?"

"सरी," म्हणून मान डोलावलीस आणि हळदकुंकवाचा करंडा कमरेला खोचलास.

मला अजून मत नव्हतं, मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. आधी तू आत जाऊन आलीस, मग अप्पा गेले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचं बोट पिवळं होतं. आपल्याकडे नवी बादली आली तरी तू तिला हळदीची तीन बोटं ओढायचीस, खाली कुंकवाचा ठिपका. ती तीन बोटं त्यांना शिडीच्या पेटीवर दिसली होती. तराजूची पेटी कोरी.

"घरात फितुरी," अप्पा म्हणाले. मग कितीतरी दिवस ते कॉफी माझ्याकडे मागत. तुला कोणी शिकवलं, देवळात कोण भेटतं, शेजारची शिक्षिका एवढं काय बोलते, सगळी चौकशी झाली. तू मान खाली घालून म्हणत राहिलीस, "हात गेला सवयीने." मला तेही पटलं नाही. मिठाचा अंदाज कधी न चुकलेली बाई इथेच कशी चुकली? त्यांना दिसावं म्हणूनच लावलीस, असं मला वाटायचं. तुझा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढच्या निवडणुकीला मलाही मत आलं. रांगेत तू पुढे, मग मी, शेवटी अप्पा. मी पडदा सारला आणि हसू दाबायला तोंडावर पदर धरला. एकूण एक पेटीवर हळदीची तीन बोटं आणि खाली कुंकू.

बाहेर अप्पांनी तुला रस्त्यातच अडवलं. "हे काय केलंस?"

"अय्यो, सगळ्याच नव्या की! एकीला लावायचं आन बाकीच्यांना नको, असं कसं मणायचं?" पदर सारखा करून तू चालायलाही लागलीस. अप्पा शेवटपर्यंत अंदाज बांधत राहिले, आणि तू शेवटपर्यंत त्यांना कॉफी देत राहिलीस.

हे लिहिता लिहिता मला पहिल्या वेळेचाही संशय यायला लागलाय. हळद शिडीला लावलीस, पण कागदही तिथेच टाकलास कशावरून? खरं सांगते आई, हे पत्र मी तेवढं विचारायलाच लिहायला घेतलं होतं. तुझ्या जावयावर डोळे वटारून आले आणि इथे बसून तुला तेच विचारतेय. शेवटी मी अप्पांचीच मुलगी. पत्र घडी घालून कपाटात ठेवते. तू सांगू नकोस.