चुलीपर्यंत न पोचलेलं प्रवचन

अप्पा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

श्रावणात मुरगूडच्या मठात महिनाभर तुमचं प्रवचन असायचं, आणि पहिल्या दिवशी तुम्ही त्या शब्दापासूनच सुरुवात करायचात. "प्रवचन म्हंजे भाषण न्हवं! वच् म्हंजे बोलणं, प्र लागला की उलगडून बोलणं. पूर्वी गुरू शिष्याला जवळ बसवायचा, डोक्यात उजेड पडेस्तवर सांगायचा. त्येला म्हणायचं प्रवचन." माना डोलायच्या. भिंतीमागं तुमचीच बायको, माझी अव्वा, प्रसादाची गव्हाची खीर ढवळत असायची. तिला कढईच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नसे. घरी तुम्ही जेवायला बसलात की ती विचारायची, "अवो, आज काय सांगितलासा?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणायचात, "तुला काय कळतंय त्यातलं? आमटी वाढ." मी एकदा मध्ये बोलले, "सांगा की तिला," तर "लई शानी झालीस" म्हणून तुम्ही ताटावरून उठलात, आणि अव्वा दोन दिवस माझ्याशीच बोलली नाही.

कॉलेजसाठी कोल्हापूरला आल्यावर मी ग्रंथालयातला सगळ्यात जाडजूड शब्दकोश मागून घेतला, तुमची चूक काढायला. चूक नव्हतीच. उलगडून सांगणं, शिकवणं, सगळं तुम्ही म्हणायचात तसंच. मी कोश टेबलावर आपटला. चुकला असतात तर अडाणी माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्हाला अर्थ पक्का माहीत होता आणि समोर वाढणारी बाई तेवढी दिसत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

अव्वा आता माझ्याकडं असते. मठातल्या एकानं तुमच्या शेवटच्या श्रावणातली कॅसेट आणून दिली. अव्वा म्हणाली, "लाव की गं. काय सांगत हुते ते एकदा ऐकू तरी दे." मी म्हणाले, खराब झालीय, आवाजच येत न्हाय. अप्पा, आवाज स्वच्छ आहे. अव्वा देवळात गेली की मी दार लावून ती ऐकते, चिडत चिडत, पण शेवटपर्यंत.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एवढं कबूल करते. परवा तिनं पुन्हा विचारलं, कॅसेट दुरुस्त होतीया का. मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "ऱ्हाऊ दे अव्वा. तुला काय कळतंय त्यातलं."