जिभेच्या जागी

१२ नोव्हेंबर १९७९, वेरावळ
आलो एकदाचे समुद्रावर. भंडाऱ्याच्या कारखान्यात पितळेची भांडी घासून घासून नखं हिरवी झाली होती, ते काम सोडलं. सोबत अड्याळचा डोमा आहे, जन्मभर तलावात जाळं टाकणारा. त्यानं ओंजळभर समुद्र चाखला अन् म्हणाला, मायनं वरणात दोनदा मीठ टाकलं वाटते. बोटीचा मुख्य, त्याले इथं टंडेल म्हणतात, तो आम्हाले तळ्यातले बेडूक म्हणते. डोमा म्हणाला, बेडूक तर बेडूक, थंडीभर पोहू. किनाऱ्यावर एक उंट दिसला. त्याच्या मागं मागं गेलो तर जेवण हुकलं.

२ डिसेंबर
दिवसभर मासोळ्या निवडतो. हात मिठानं चिरले. आज एका मासोळीचं तोंड उघडलं तर जिभेच्या जागी पांढरा किडा बसलेला. पोटाले पाय, दोन काळे डोळे, माझ्याकडेच पाहून राहिला. टंडेल म्हणाला, हा बारका असताना कल्ल्यातून शिरते, जिभेचं रक्त पिते, जीभ वाळून गळली की तिच्या जागी आपण बसते. मासोळी मरत नाही, त्याच्यासंगंच खाते. डोमा ओकला. त्याले चिडवायले मी किडा माझ्या जिभेवर ठेवून दाखवला. सारे हसले. मुंगी चावल्यासारखं झालं, थुंकलो. थुंकीत किडा काही दिसला नाही. लाटेत गेला असेल.

२९ डिसेंबर
काल भर दुपारी जाळं सोडताना दोर डोमाच्या पायात गुतला. मी दुसऱ्या बाजूले, उड्या मारणारे मोठे मासे पाहत होतो. वळलो तर त्याचा हात पाण्यावर. मी तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. नाही, खरं लिहितो. माझं लक्ष नव्हतं हे कळेल म्हणून गप राहिलो. टंडेलनं विचारलं तवा हात दिसत नव्हता. डोमा सापडला नाही. त्याचा स्वेटर माझ्यापाशी आहे. टंडेल म्हणाला, त्याच्या मायले तूच सांग, तुझ्या तोंडानं.

७ जानेवारी १९८०, अड्याळ
डोमाची माय, धुरपता मावशी, स्वेटर ओळखून दारात आली. डोमा कुठं, म्हणाली. सांगायले तोंड उघडलं अन् निघालं, होळीले येते. मावशीनं करडी गावच्या टिकारामची पोरगी पाहून ठेवली आहे. वीस तारखेले साक्षगंध. पोरगा नसला तरी त्याच्या वतीनं तू शब्द दे, म्हणाली. त्याच्याआधी सांगितलंच पाहिजे, नाहीतर एका पोरीचं लग्न मेलेल्याशी ठरते. मावशीनं तलावातल्या मासोळ्या रांधल्या. चव लागली नाही.

११ जानेवारी
सांगायले जातो, दुसरंच निघते. डोमा जाड झाला, टंडेल त्याले जीव लावते. मावशी म्हणते, टेकचंदा, तुझ्या तोंडाले मासोळीचा वास येऊन राहिला, कडुलिंबाची काडी घे. घेतली. सडक्या कल्ल्याचा वास, जातच नाही. मांजर तोंडाजवळ येऊन बसते.

१४ जानेवारी
संक्रांत. मावशीनं तिळगूळ दिला. मी चावला नाही. आतून कोणीतरी ओढून घेतला. आरशात पाहिलं. माझी जीभ काळी, वाळून दोरीएवढी. तिच्यावर पांढरं — डोळे —

१७ जानेवारी
चिमट्यानं ओढलं. नखं रोवून बसते. जिभेचा वाळला तुकडा हातात आला, ते नाही आलं. मी रडून राहिलो होतो अन् ते मावशीले डोमाच्या गोष्टी सांगून राहिलं होतं. मावशी हसून हसून —

२० जानेवारी
हात अजून माझा आहे. कागदावर लिहिलं, डोमा मेला, मी पाहिलं, मी बोललो नाही. मावशीले वाचता येत नाही. साक्षगंधाले पोरीसंगं आलेल्या टिकारामले दिला. चष्मा करडीले राहिला, म्हणाला. मावशीले वाटलं डोमाची चिठ्ठी. डोक्याले लावली अन् मलेच परत दिली. साऱ्यांसमोर वाच बापा, सून पण ऐकू दे.

बोलावून राहिले. दातावर दात दाबले आहेत — ते आतून पाय लावून उघडून राहिलं — मी नाही वाचत — ते वाचते —