गाईचं क्रियापद

शहादे, ता. ९ जानेवारी १९३१

आजचं क्रियापद — व्हॅक्सिनेट! ह्यांना दुसरं सुचलंच नसतं. रोज एक शिकवतात. कालचं 'स्वीप', म्हणजे झाडणे. ते बरं होतं.

अर्थ — देवी काढणे. मी म्हटलं, काढता कुठे, घालताच की तुम्ही! लस दंडात टोचायची आणि म्हणायचं काढली. हसले. शब्दाचं मूळ म्हणे लॅटिन, 'वॅका', म्हणजे गाय. विलायतेत गवळणींच्या हातांना गाईच्या देवीचे फोड यायचे, त्यांना मग माणसाच्या देवी येत नसत. त्यावरून लस आणि लशीवरून शब्द. इतकी वर्षं देवी डॉक्टरची नोकरी करतात आणि मला हे आज सांगतात!

सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "पोऱ्या रडी ऱ्हायना, आनि तू काय लिखी ऱ्हायनी?"

ता. १०

वाक्यात वापरून दाखव, म्हणाले. मी केलं — 'माय हजबंड व्हॅक्सिनेट्स ऑल चिल्ड्रेन.' ह्यांनी पाटीवरचं वाचलं. "वाक्य बरोबर आहे. पण 'ऑल' खरं नाही."

कळलं मला. आमच्या सुकलालचा दंड कोरा आहे. राहू दे! थोरल्या दोधूच्या देवी काढल्या आणि आठवड्यात तो तापाने गेला. हे म्हणतात, ताप वेगळाच होता, गावात साथ होती. असेल. पण माझ्या मांडीवर गेला तो.

ह्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. तेच जड जातं.

ता. १४

संक्रांत. हे डोंगरात दौऱ्यावर. तिळगूळ कुणाला देऊ?

ता. १९

परत आले. जेवले नाहीत. विचारलं तर "काही नाही." शेवटी लशीची पेटी वाहणाऱ्या भिला नावाच्या गड्याला भाकरी वाढली आणि त्यालाच खोदून विचारलं.

वरच्या पाड्यावर फुलीबाई म्हणून बाई आहे. तिने पोरीला पाठीमागे दडवलं आणि ह्यांना विचारलं, "तुझ्या पोराच्या काढल्या का?" हे म्हणाले, नाही. झालं! सगळ्या बायांनी पोरं उचलली, घरात गेल्या. आणि खालच्या पाड्यावर देवी आल्यात, पोरं तापाने फणफणलीत.

राग आला. एवढंसं खोटं बोलता येत नाही ह्या माणसाला? मग रडूच आलं. ती न पाहिलेली पोरगी डोळ्यांसमोरून हलेना.

ता. २०

सकाळी सुकलालला मांडीवर घेतलं, बाही वर केली. म्हटलं, "काढा." ह्यांनी दोनदा हात धुतले! सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या.

ता. २७

ताप. दंड लाल. ह्यांच्याशी बोलले नाही.

ता. २९

ताप उतरला! दूध मागून प्यायला. सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली आणि माझीही.

ता. ८ फेब्रुवारी

मीही ह्यांच्याबरोबर वरच्या पाड्यावर गेले, सुकलालला कडेवर घेऊन. फुलीबाईने त्याच्या दंडावरच्या खपलीभोवती बोट फिरवलं, तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. भिलाने सांगितलं — हा पहिला का, म्हणते.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दुसरा. पहिला देवी काढल्यावर गेला. भिलाने नको म्हणून मान हलवली. म्हटलं, सांग तिला, आहे तसं सांग.

त्याने सांगितलं.  फुलीबाईचं उत्तर भिलाने सांगितलं, "माझा न काढता गेला." आणि तिने पोरीला ओढून मांडीवर घेतलं, तिचा दंड ह्यांच्यापुढे केला.