अस्वलाची कॅसेट

३ मार्च १९९५, शुक्रवार

अस्वल उडालं! दुपारी सव्वातीनला, शेठच्या दुकानाच्या माडीवर. पंधरा दिवस नदीत पडून मरत होतं, आज ओंडक्यावरून थेट पलीकडे. मी खुर्चीवरून उठून एकटीच नाचले.

खालून सुरेशचंद शेठ — "सुनंदा, काय तोडलं गं?"

"तोडलं नाही शेठ, जोडलं."

शेठ जळगावात टीव्ही विकतात. मुंबईच्या एका कंपनीने त्यांना काम दिलं — पार्लरमधल्या मोठ्या मशीनवरचा अस्वलाचा खेळ घरच्या टीव्ही गेमवर बसवून द्या. शेठना त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी. दिवाळीला कॅसेट बाजारात येणार, आणि शेवटच्या पडद्यावर माझं नाव. असोद्याची मुलगी देशभरच्या टीव्हीवर! मला दुसरं काही नको.

५ मार्च

धुळ्याला जाऊन आले. मोठं मशीन तिथे कौतिकभाऊंच्या पार्लरमध्ये आहे. कंपनीने मूळ खेळाचा एकही कागद दिला नाही. त्यामुळे खेळायचं, मरायचं, आणि जे दिसलं ते आलेखवहीत चौकोन भरून उतरवायचं. हे माझं काम! याचा पगार मिळतो!

पोरं रांगेत खोळंबली म्हणून कौतिकभाऊ वैतागले — "ताई, बठ्ठा पोऱ्या लाइनमा उभा शेतस, अन् तुम्ही चित्रं काढी राहिनात." पण पोरांनीच मला कुठला ओंडका बुडतो ते सांगितलं. मग कौतिकभाऊंनी चहाही पाजला.

१९ मार्च

जागा संपली. घरच्या मशीनचं पोट एवढंसं, मोठ्या खेळातली निम्मी चित्रं मावत नाहीत. मूळ खेळातली लाल परदेशी फळं काढून टाकली आणि अस्वलाला केळीचा घड दिला. आमच्याच मळ्यातला, घरचा माल.

२ एप्रिल

मुंबईच्या साहेबांचा फोन. खेळ छान आहे म्हणे, पण केळी उलटी काढलीत, केळी खाली लोंबतात.

जेवताना वडिलांना, आबांना, सांगितलं. ते हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "झाडावर केयी वरतेच पाह्यते. त्याले सांग, एकडाव मयात ये."

मी तसंच सांगितलं, जरा सभ्य करून. घड होता तसा राहिला. हसून हसून पोट दुखतंय.

२१ एप्रिल

झाला! पुरा झाला! शेवटच्या पडद्यावर 'सुनंदा, असोदा', चक्क मराठीत. एक चिप आणि सगळ्या फ्लॉप्या मुंबईला रवाना.

६ मे

रद्द. ते मशीन आता जुनं झालं, कंपनी नव्या मशीनचे खेळ आणणार. माझ्या फ्लॉप्या आणि ती चिपही त्यांनी पुसून दुसऱ्या कामाला घेतल्या. इथे शेठनी लग्नसराई आली म्हणून कॉम्प्युटर रिकामा करून पत्रिका छापायला लावलाय. त्यांना वाटलं मुंबईला आहेच सगळं.

मी माडीवर बसून रडले. शेठ वर आले. मग तपासणीसाठी ठेवलेली दुसरी चिप, ती बसवलेल्या उघड्या सर्किटच्या पाटीसकट, म्हणजे बिनकवचाची कॅसेटच, माझ्या हातात दिली. म्हणाले, "घेऊन जा बेटा."

आता जगात माझा खेळ या एकाच चिपवर आहे.

७ मे, रविवार

घरी टीव्ही गेमला लावली! आज आमच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. सगळी गल्ली ज्वारीचा शिजवलेला घाटा थापायला जमलेली. शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, बघू तर. मग थापणं राहिलं बाजूला! ओल्या हातांनी अस्वल उडवतायत, पडलं की एकमेकींना दोष देतायत. आई तर हातातलं सोडेना — "थांब व माय, मले त्या घडापावतर जाऊ दे." खाटांवरचे बिबडे आबांनी राखले.

दिवाळी गेली खड्ड्यात. माझा खेळ बाजारात आला, बाजार फक्त अंगणाएवढा.

१० मे

आईने खेळ संपवला. मलाही एकदाच जमलंय! माझं नाव तिने बोट फिरवत वाचलं, अक्षर अक्षर. मग पदराने पडदा पुसला आणि म्हणाली, "पुन्हा लाव."

उद्या धुळ्याला मावसबहिणीच्या लग्नाला चाललेय, नऊ दिवस. कॅसेट आईच्या स्वाधीन.

२० मे

मी गेले त्याच दिवशी खेळताना चिपवर घाटा सांडला. आईने ती हलक्या हाताने पुसली. वरची काळी पट्टी भिजली होती, ती सोलून काढली. मग चिप आठ दिवस गच्चीवर बिबड्यांशेजारी उन्हात ठेवली. रोज संध्याकाळी आत, सकाळी पुन्हा बाहेर. "खडखडीत वायली, पाह्य."

त्या पट्टीखाली काचेची खिडकी असते. तिच्यातून आठवडाभर कडक ऊन गेलं की आतलं लिहिलेलं पुसलं जातं. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

लावून पाहिली. नुसता करडा पडदा.

आई हात पुसत शेजारी येऊन बसली. "पह्यले मी खेयते."

मी म्हटलं, मशीन बिघडलंय गं. चिप मस्त वाळलीये.