दादा, सातवा नंबर तुमचा नाही

राजापेठ, अमरावती

तीर्थरूप खुशालदादाले धाकट्या चंदाचा नमस्कार. गुडघा कसा हाये? मनकर्णावहिनीले विचारलं म्हणून सांगा. इकडे आमी बरे, फक्त तुमची पौर्णिमा परवापासून धड जेवली नाही. "लग्नाले येत नाही, आलो तर पोट्टीले घरी न्यायलेच येईन," असं तुमी फोनवर ओरडले अन् तवापासून फोन उचलत नाही. म्हणून हे लिहून राहिली.

माह्या आकांक्षाच्या लग्नाचं आवतण पौर्णिमेनं कॉम्प्युटरवरून धाडलं. तुमाले आलं, "श्री. ७ यांना आग्रहाचं आवतण." तुमी समजले, नवरीच्या सख्ख्या मामाले सातव्या नंबरावर टाकलं! (आमची शेजारीण पार्बताबाई एकटीच राहते, तिले १ आला. ते गल्लीभर मिरवून राहिली.) आता ऐका. मी पोट्टीले खोदून खोदून विचारलं हाये.

तिची ते कॉम्प्युटरची पर्ल नावाची भाषा. तिच्यात एखादं काम नाव देऊन बांधून ठेवतात अन् नावापुढं कंसात खूण करतात, त्याले प्रोटोटाइप म्हणतात. आपलं आवतण कसं असते, घरटी एक, नाहीतर चूलबंद म्हणजे सारं घर? तसंच. पौर्णिमेनं खूण केली घरटी एकाची अन् नावं धाडली चूलबंद. तिले वाटलं, खूण म्हणजे दारावरचा राखणदार, चुकलं तर हटकन. तो कायचा हटकते! त्यानं तुमच्या घरची सात डोकी मोजली, नावं बाहेरच ठेवली अन् आकडा आत धाडला. मी म्हटलं, काहून वं, त्याले तोंड नाही? ते म्हणे, "आत्या, ते खूण तपासायले नसतेच. आलेलं कसं घ्यायचं, तेवढंच सांगते." मग विचारलं, खूण मागाहून केली तर? तर म्हणे, आधीच धाडलं त्याले ते लागतच नाही. हे मले पटलं. पंगत उठल्यावर कोणाले किती वाढायचं ते सांगून काय फायदा?

तर दादा, तुमाले कोणी खाली बसवलं नाही. राग सोडा अन् या.

तुमची,
चंदा

ता. क. खूण काढून टाकली. आता घरातल्या हरेकाले नावानिशी आवतण जाते. वहिनीचं तुमच्या आधी पोचलं असन, त्याच्यावरून भांडू नका.

आणखी ता. क. वहिनीचा आताच फोन आला, बाकी सहाही जण येऊन राहिले. तुमी नाही आले तर मामाच्या जागी वहिनीच उभी राहीन, ते तयार हाये. अन् आले तर पौर्णिमेले नेऊ नका. मशीन चूप राहून आणखी काय काय करते, हे मले तिले विचारायचं हाये.