किशोरी आणि उन्हावरचा पंप

बांदवाडी, ता. मालवण
४ फेब्रुवारी २०२४

ती. भिकाजीदादास,
धाकट्या नर्मदेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. काजू बरा मोहरलाय. डोंगरातल्या विहिरीवर पंचायतीने सौर पंप बसवला. जन्मभर डोकीवरून आणलेलं पाणी आता दारात नळाला येतं!

पण त्याची देखभाल शिकायला वाडीतल्या एका माणसाला पंधरा दिवस कुडाळला जायचंय, आणि आमच्या सूनबाईंनी, किशोरीने, आपलं नाव दिलंय. तिचा नवरा, आपला विनीत, जहाजावरून फोनवर हो म्हणाला. शेजारचा बाबली म्हणतो, ह्या बायलमाणसाचा काम न्हय. मलाही तसंच वाटतं. ती करंटशी खेळणार आणि मी घरात देव पाण्यात घालून बसू? तुझा शब्द ती मोडत नाही. दोन ओळी लिहून तिला थांबव.

तुझीच,
नर्मदा

भांडुप
१२ फेब्रुवारी

चि. नर्मदेस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो. परकर खोचून शेजाऱ्यांच्या पेरूवर चढणारी तूच ना?

एक गोष्ट मात्र कधी बोललो नाही. तुला नर्सिंग शिकायला जायचं होतं. बाबा नको म्हणाले आणि मी, थोरला भाऊ, ताटातला भात चिवडत गप्प बसलो. ते अजून सलतं. पुन्हा तेच पाप माझ्या हातून करवू नकोस. जाऊ दे गो तिका.

लोभ आहेच, तो रागावूनही कमी करू नकोस.
भिकाजी

बांदवाडी
१७ मे

ती. दादास शि. सा. न.

सोमवारी वादळी वारा झाला आणि पंप बंद पडला. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार म्हणाला. दुसऱ्या दिवशी शेजारची अपेक्षा, नववा महिना लागलेली, कळशी घेऊन डोंगर चढताना किशोरीने पाहिली. तिच्या हातातली कळशी काढून घेतली, तिला घरी धाडलं आणि स्वतः कुडाळहून शिकून येताना आणलेली हत्यारांची पिशवी घेऊन निघाली. मीही मागोमाग गेले.

आधी तिने घरून आणलेली माझी दोन जुनी लुगडी पंपाच्या सौर प्लेटींवर पसरली. ऊन आसा तवसर करंट आसा आई, म्हणाली. मग शिडी लावली. ती मी धरली, दादा. आमच्यामागून आलेला बाबली खालून सूचना करत होता. तिने त्याला पक्कड धरायला लावली. वाऱ्याने हिसकलेला वायरीचा एक जोड जळला होता. तो कापून तिने नवा बसवला. लुगडी काढली, खटका दाबला. थोड्या वेळाने खालच्या वाडीतून बायकांची आरोळी आली, पाणी इला गो!

मला रडू आलं. एवढी हुशार पोर माझ्या घरात, आणि मी तिला अडवत होते.

आता लिहिणं पुरे. पलीकडच्या गावचा पंप बिघडलाय, तिथले लोक तिला न्यायला अंगणात येऊन बसलेत. तिला म्हटलं, तू जा. आज आमटी-भात मी करते.

माया असावी, आमच्या सुनेवर थोडी जास्त.
नर्मदा