ठेवली तिथे सापडते

दि. ४, बुधवार

प्रिय वहिनी,

पाकीट बघून दचकू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे? दादा खरंच सकाळी फिरायला जातो, की नुसते बूट आणून दाराशी मांडलेत?

तू म्हणशील, परवाच तर फोनवर बोललो, मग ही बया आता कागद का काळे करतेय? इथे हॉटेलच्या खोलीतल्या टेबलावर छान जाड कागद ठेवलेले असतात, म्हणून म्हटलं लिहावं. खाली कपडे धुवायच्या खोलीत बसले आहे. मशीन फिरतंय, तोवर वेळ आहे.

ह्यांचं ऑफिसचं काम चांगलं चाललंय. इथेच आणखी दोन वर्षं राहा म्हणतायत म्हणे. बघू. आमचं परतीचं तिकीट महिनाअखेरीचं आहेच.

काल इथलं मोठं चित्रसंग्रहालय बघितलं. केवढं मोठं, वहिनी! दालनातून दालन, त्यातून आणखी दालन. लाकडी जमीन पाऊल टाकलं की कुरकुरते, त्यामुळे मी सगळीकडे चवड्यांवर चालत होते. हे म्हणाले, "चोरी करायला आलीस का?" आत जाताना पिशव्या जमा कराव्या लागतात. माझी पर्स, तिच्यातला फोन, सगळं तिकडे गेलं आणि बिल्ला ह्यांच्या खिशात.

एका उंच दालनात भिंतभर चित्र होतं. बंदर, गलबतं, पिंपं उतरवणारी माणसं, कोपऱ्यात एक ओलं कुत्रं. वर चारी बाजूंनी कठड्याचा सज्जा. मी कुत्र्याकडे बघत होते. वळले, तर हे नव्हते.

तुला बाबांचा नियम माहीत आहे. चुकामूक झाली की जागेवरून हलायचं नाही, शोधणारा येतो. लहानपणी कापडबाजारात मी अशीच एका दुकानाच्या पायरीशी उभी राहिले होते. दुकानदार शटर ओढायला लागला तरी हलले नाही, आणि बाबा आले तेव्हा त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की बरगड्या दुखल्या. लग्न ठरल्यावर ही गोष्ट मी ह्यांना कौतुकाने सांगितली होती. पोट धरून हसले होते. मलाही तेव्हा गंमत वाटली होती.

तर मी उभी राहिले. शाळेतली मुलं आली, जमिनीवर बसून बंदर काढलं, गेली. दुसरी शाळा आली. पाय भरून आले. मनात नाही नाही ते येऊ लागलं. ह्यांना कुठे चक्कर आली असेल का? घरचा पत्ता मला पाठ आहे, पण इथला? कुणाला विचारायचं, कुठल्या भाषेत? तिथे राखणीला बसलेल्या बाई दोनदा येऊन काही बोलून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या त्या त्यांची खुर्ची घेऊन. मला खुणेने बसवलं. मग माझ्याकडे बघितलं आणि डोळे वर सज्ज्याकडे नेले.

कठड्यावर कोपरं टेकून हे उभे होते. हातात फोन माझ्याकडे धरलेला. हसत होते.

खाली आले ते टाळ्या वाजवतच. म्हणाले, "मानलं बुवा सासऱ्यांना! कुठेही न्या, काळजी नाही. ठेवली तिथे सापडते!"

मी म्हटलं, "अहो, मी घाबरले होते."

"म्हणून तर बघत होतो. अजून थांबलो असतो, पण भूक लागली."

त्या बाईंनी माझा हात धरला होता. तो सोडवून घेताना मी त्यांना हसून दाखवलं. का हसले, कळत नाही. बाहेर पडताना हे प्रत्येक चित्राची माहिती देत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. बघणाऱ्याला वाटेल, किती जपतोय.

वहिनी, मी अन्याय करत नाहीये ना? हे लिहायलाच हवं की ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. आवाजसुद्धा चढवत नाहीत. थट्टेचा स्वभाव आहे असं सगळे म्हणतात, तूही साखरपुड्याला म्हणाली होतीस. रात्री मी स्वतःला हेच सांगत होते. पण सज्ज्यावरून ते ज्या नजरेने बघत होते ती थट्टेची नव्हती. एखादी वस्तू किती ताणली म्हणजे तुटते, ते बघायची होती.

कागद छान होता म्हणून लिहिते आहे हे खोटं. माझा फोन रोज हे बघतात. तुझ्याशी बोलते तेव्हा समोर बसतात. पासपोर्ट भिंतीतल्या, नंबरच्या कुलपाच्या कपाटात आहेत आणि तो नंबर मला सांगितलेला नाही. मशीनचा आवाज त्यांना सहन होत नाही, म्हणून ही एकच खोली माझी.

आणि दोन वर्षांचं "बघू" नाही. जेवताना त्यांनी सांगितलं, दोघांच्या वतीने होकार दिलाय. माझं तिकीट ते महिनाअखेरीआधी रद्द करणार. मी विचारलं, "मला एकदा विचारायचं तरी." म्हणाले, "तुला काय, जिथे ठेवीन तिथे राहशील," आणि पुन्हा हसले.  मी हातातला चमचा ताटलीत ठेवला.

मला घरी यायचं आहे. तिकीट आहे तोवर.

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाई पत्र टाकणार आहेत; आठ-दहा दिवसांत पोचेल, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पोचलं की ह्यांच्या फोनवर फोन कर, माझ्या नाही. संध्याकाळी, जेवायच्या वेळी. कुणीतरी आजारी आहे, मुलीला लगेच पाठवा, असं सांग. लोकांत चांगलं दिसायची ह्यांना हौस आहे, आजारपणाला नाही म्हणायचे नाहीत. कुणाचं नाव घ्यायचं ते मला ठरवता येईना. खोटं आजारपण सांगितलं की ते खरं होतं असं मला वाटतं, त्यावरून तू मला किती चिडवलं आहेस! तुझं नाव घ्यायला जीव होत नाही, दादाचं तर नाहीच. शेवटी बाबांचं घे. त्यांना आधी सांगून ठेव, हसतील. त्यांचा गुडघा दुखतोच, म्हणजे अगदीच खोटं नाही.

दादाला मात्र मी पोचेपर्यंत सांगू नकोस. तो तिथूनच भांडायला लागेल आणि मग हे मला कुठेच पाठवणार नाहीत.

हे वाचून तुला वाटलं की मी राईचा पर्वत करते आहे, तरीही फोन कर. मला समोर बसवून विचार, हवं तेवढं रागव. पण आधी बोलावून घे.

मशीन थांबलं. कपडे बाहेर काढते, नाहीतर हे खाली येतील.

एक विसरू नकोस. उत्तर लिहू नकोस. इथलं टपाल हेच वर आणतात.

अजून तुझ्याच घरची,
तुझी नणंद